मौनकाळ

मोनाली भोयरला विमान उडवता येत नाही, असं कोणीच म्हणत नव्हतं. तिचा हात स्थिर होता, आकडेमोड पक्की होती, इंजिन बंद पडलं तरी डोकं ठिकाणावर राहायचं. नभश्री एअरवेजच्या नागपूरच्या प्रशिक्षण केंद्रात तिच्या नावापुढे नऊपैकी आठ कौशल्यांना हिरवी खूण होती. नवव्या कौशल्यापुढे मात्र तिसऱ्यांदा पिवळी आली, आणि ती आणणारा माणूस तिला सगळ्यांत जवळचा होता.

त्या सकाळी सिम्युलेटरमध्ये डावीकडच्या खुर्चीवर कॅप्टन विद्याधर नाडगौडा बसले होते. अठ्ठावन्न वर्षांचे, चौदा हजार तास उड्डाण केलेले, आणि शिकाऊ पोरांना डब्यातला खाऊ वाटून खाणारे. बाहेर पडद्यावर ढग होते आणि विमान धावपट्टीकडे उतरत होतं. टॉवरने हवेचा दाब सांगितला: नऊशे अठ्ठ्याण्णव. मोनालीने आपल्या उंचीमापकात तो आकडा लावला. नाडगौडांनी आपल्याकडे लावला एक हजार आठ.

तिने पाहिलं. मग आपला आकडा पाहिला. मग पुन्हा त्यांचा. सरांनी चूक केली? सर चूक कशी करतील? आपणच नीट ऐकलं नसेल.

"सर," ती म्हणाली, "तो दाब... एकदा बघता का?"

नाडगौडांनी हात वर केला आणि सिम्युलेटर जागच्या जागी थांबलं. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर आकडा उमटला.

"पाच पूर्णांक सहा सेकंद," ते म्हणाले. "तेवढ्यात हे विमान चारशे मीटर पुढे गेलं आणि पासष्ट फूट खाली आलं. आणि माझं उंचीमापक मला खरी उंची आहे त्यापेक्षा तीनशे फूट जास्त दाखवत होतं. बरं, पाच सेकंदांनी तू म्हणालीस काय? 'एकदा बघता का.' मी साडी बघतोय का दुकानात?"

ती हसली नाही. तेही फारसे हसले नाहीत.

पूर्वी वैमानिकाचा परवाना तासांवर मिळत असे. इतके तास उडवलं की इतकी पात्रता. पण एखाद्याने तीच चूक हजार तास गिरवली तरी त्याच्या वहीत हजार तासच जमा व्हायचे. म्हणून विमान वाहतूक खात्याने सहवैमानिकांसाठी तासांची अट मागे टाकून कौशल्यांची अट पुढे आणली. तुम्ही किती उडलात ते दुय्यम, तुम्हाला काय येतं ते सिद्ध करा. ते सिद्ध झालंय की नाही हे आधी परीक्षकच डोळ्यांनी ठरवायचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या जोडीला एक यंत्र आलं. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पोरं त्याला मोजणीदार म्हणायची.

मोजणीदाराची युक्ती साधी होती. काचफलकाच्या कडेला बसवलेले बारीक कॅमेरे वैमानिकाची बुबुळं बघत. माणसाला काही चुकीचं दिसलं आणि मेंदूने ते चुकीचं म्हणून ओळखलं, की अर्ध्या सेकंदात बाहुली किंचित मोठी होते आणि नजर हटून पुन्हा त्याच जागी परत येते. ही परतलेली नजर लपवता येत नाही. तिथून तोंडातून शब्द फुटेपर्यंतचा वेळ यंत्र मोजायचं. आधी परीक्षकाला इतकंच कळत असे की उमेदवार उशिरा बोलला. त्याला दिसलंच उशिरा, की दिसलं आणि तो बोलला नाही, हे कळायला मार्ग नव्हता. या दोन वेगळ्या दुखण्यांना इतकी वर्षं एकच औषध दिलं जात होतं. ज्या बाईंनी हे दोन भाग वेगळे काढले, त्या डॉ. रुक्साना तांबोळींनी मधल्या वेळाला नाव दिलं होतं: मौनकाळ. परवान्यासाठी तो दीड सेकंदाच्या आत यावा लागे, कॅप्टन कोणीही असो.

दुपारी तांबोळीबाईंनी मोनालीला आपल्या खोलीत बोलावलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"हे बघ. बक्षी कॅप्टन. ते अंगावर ओरडतात, हो ना?"

"हो मॅडम."

"त्यांच्याबरोबर तुझा मौनकाळ एक पूर्णांक चार. पास. आणि नाडगौडांबरोबर साडेपाचच्या खाली कधी आलाच नाही."

"मी नाडगौडा सरांना अजिबात घाबरत नाही मॅडम."

"तेच म्हणतेय मी. घाबरणाऱ्या पोरींना आम्ही तीन आठवड्यांत बोलतं करतो. तू घाबरत नाहीस. तुला त्यांना खाली बघायला लावायचं नाहीये." बाईंनी पडदा परत वळवला. "घरी कोणाला बोलतेस तू? तोंडावर?"

मोनालीने विचार केला. आईला नाही. बाबांना तर नाहीच.

"रविवारी घरी जा," बाई म्हणाल्या. "यंत्र नाही, काही नाही. काही खटकलं की मनात आकडे मोज. कितव्या आकड्याला बोलतेस तेवढं बघ."

मोनालीचं घर हिंगणघाटला. वडील वामनराव एस.टी.त चालक होते, एकतीस वर्षं. घरातल्या कपाटात विनाअपघात सेवेचा बिल्ला होता आणि तो पाहुण्यांना दाखवावा लागत नसे, पाहुणेच विचारत. पोरगी विमान चालवणार हे कळल्यावर ते डेपोत जाऊन पेढे वाटून आले होते. "स्टेअरिंग आमच्या रक्तातच हाय," असं त्यांनी तिथल्या मॅनेजरला सांगितलं होतं.

त्या रविवारी समुद्रपूरला मावसबहिणीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. वामनराव व्हॅन चालवत होते, मोनाली शेजारी, आई मागे. आई नेहमीसारखी बोलत होती. गाडीत बसली की आईचं तोंड थांबायचं नाही, हा घरातला जुना विनोद होता.

"गाय हाय बरं का तिकडं. केवढी वाळली बिचारी. अन् हा मोटरसायकलवाला पाहा, कसा चालला कडंकडंनं."

मोनाली ऐकत होती आणि सवयीने रस्त्यावर नजर फिरवत होती. जाम गावाच्या अलीकडे डाव्या कडेला सायकलवर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा दिसला. व्हॅन हळूहळू डावीकडे सरकत होती. वडिलांची मान सरळ होती. एक, तिने मोजलं. दोन. तीन.

"सायकल हाय बरं का," मागून आई म्हणाली. आवाज जरा चढलेला.

व्हॅन लगेच उजवीकडे आली. गवताची पाती आरशाला घासून गेली.

गाय डावीकडे होती. मोटरसायकल डावीकडे होती. सगळ्या प्रवासात आईने उजवीकडचं एकही माणूस, जनावर, झाड बोलून दाखवलं नव्हतं. आई बडबड करत नव्हती. आई वडिलांची डावी बाजू सांभाळत होती.

"बाबा, गाडी थांबवा."

"काऊन?"

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. थांबवा."

गाडी थांबली. इंजिन चालूच राहिलं. वामनराव समोर बघत म्हणाले, "एकतीस वर्षं यष्टी चालवली म्या. एक कोंबडी मेली नाई माह्या हातानं."

"माहीत आहे बाबा."

"मंग?"

"तो म्हातारा तुम्हाला दिसलाच नाही. आईने सांगितलं म्हणून तुम्ही गाडी वळवली."

त्यांनी आरशातून मागे पाहिलं. आईने पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघू लागली. मग वामनरावांनी इंजिन बंद केलं, किल्ली तिच्या मांडीवर ठेवली आणि उतरून मागे जाऊन बसले. साक्षगंधात ते कोणाशी बोलले नाहीत. जेवले तेही उभ्या उभ्या.

संध्याकाळी चुलीजवळ आईने तिला धरलं. "दोन वर्षं निभावून नेलं म्या. तुले काय घाई पडली होती? चारचौघांत जायचं होतं, आजच सांगायचं होतं का?"

"तू गाडीत नसतेस तेव्हा काय होतं आई?"

आई भाकरी थापत राहिली. तव्यावर टाकताना ती तुटली, तेवढंच.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, उजव्याची कड खात चाललेली. आता थेंब टाकले तर आहे तेवढी राहील. वामनरावांनी व्हॅन अंगणात झाकून ठेवली. मोनाली फोन करायची तेव्हा आई बोलायची, मागून टीव्हीचा आवाज यायचा, आणि वडील घरात नसल्याचं सांगितलं जायचं. दोन महिन्यांनी एकदा फोन त्यांनीच उचलला. "जेवली का?" त्यांनी विचारलं, आणि ती हो म्हणताच "घे, तुह्या मायशी बोल," म्हणून आईकडे दिला. मोनाली त्या दिवशी वसतिगृहाच्या गच्चीवर बराच वेळ बसून राहिली.

चौथ्या चाचणीला ती बसली तेव्हा आपल्यात धीर आलाय असं तिला वाटत नव्हतं. एवढंच कळलं होतं की बोललं तर जे तुटतं ते कसं दिसतं, आणि त्यानंतरही माणूस फोन उचलतो. नाडगौडांनी या वेळी दाबाला हात लावला नाही, चुकीच्या धावपट्टीचा रेडिओ लावला.

"रेडिओ चुकलाय, सर."

एक पूर्णांक एक. नाडगौडांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "हां! आधी चूक, मग सर. हाच क्रम. मरेपर्यंत ठेव."

परवाना मिळाला. नियम असा होता की नव्या सहवैमानिकाच्या पहिल्या शंभर उड्डाणांत मोजणीदार चालू राहील. तो फक्त उजव्या खुर्चीकडे बघे. डाव्या खुर्चीवर कॅमेरा बसवायला कॅप्टनांच्या संघटनेने कडाडून विरोध केला होता. आम्ही कामाला येतो, रुग्णालयात नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मान्य झालं होतं.

त्रेचाळिसावं उड्डाण सकाळचं होतं, नागपूर ते भुवनेश्वर. कॅप्टन नाडगौडा. त्यांच्याबरोबरचं तिचं हे तिसरंच खरं उड्डाण. हवा स्वच्छ होती. उतरताना बाराशे फुटांवर त्यांनी स्वयंचालन बंद केलं आणि हाताने उडवायला घेतलं, त्यांना ते आवडायचं.

"वन थाउजंड," मोनाली म्हणाली.

"चेक," नाडगौडा म्हणाले.

मग विमान डावीकडे कलू लागलं, अगदी हलकं. धावपट्टीची मधली रेघ काचेत उजवीकडे सरकली. वारा नव्हता.

"सेंटरलाइन."

उत्तर आलं नाही.

"कॅप्टन, सेंटरलाइन!"

नाडगौडा समोर बघत होते. डोळे उघडे, चेहरा शांत, ओठांची किंचित हालचाल, जणू मनात काही गुणगुणत होते. हात दांडीवर होता आणि तो तसाच डावीकडे रेटत होता.

"आय हॅव कंट्रोल." तिने आपल्या दांडीचं लाल बटण दाबून धरलं, इंजिनांची ताकद पूर्ण वाढवली, पंख सरळ केले. विमान गर्जत वर निघालं. सहाशे फुटांवरून पुन्हा आभाळ. तिने टॉवरला सांगितलं, "गोइंग अराउंड," म्हणजे आत्ता उतरत नाही, पुन्हा फेरी घेऊन येतो. चाकं वर घेतली, झडपा आवरल्या. ज्या कामांना दोन माणसं लागतात ती एकटीने ओळीने केली.

वीसेक सेकंदांनी शेजारून आवाज आला. "काय झालं? गो अराउंड का केलंस?"

"तुम्ही उत्तर देत नव्हतात सर."

"ऊन डोळ्यांत गेलं. दे इकडे, मी घेतो."

विमान पश्चिमेकडे तोंड करून उतरत होतं, सूर्य मागे होता.

"नाही सर. लँडिंग मी करते."

त्यांनी हात मांडीवर घेतले. दुसऱ्या फेरीत ती आकडे सांगत गेली आणि ते बिनचूक उत्तरं देत गेले. विमान मऊ उतरलं. नियमाप्रमाणे तिने टॉवरला तेव्हाच सांगायला हवं होतं की कॅप्टनांना काहीतरी होतंय. तिने सांगितलं नाही. पूर्ण शुद्धीवर आलेला, तिला आपल्या हाताने घडवणारा माणूस शेजारी बसलेला असताना ते वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही.

प्रवासी उतरले. मागे सफाई सुरू झाली. पस्तीस मिनिटांत हेच विमान घेऊन नागपूरला परतायचं होतं, आणि दीडशे माणसं टर्मिनलच्या दारापलीकडे रांगेत उभी राहू लागली होती. कॉकपिटचं दार नाडगौडांनी लावून घेतलं.

"अहवालात अस्थिर अप्रोच लिही," ते म्हणाले. "रेघ सोडून गेलो, तू गो अराउंड केलंस. यात खोटं काय आहे?"

"काही नाही सर."

"तुझे आकडे संध्याकाळी तांबोळीकडे जातील. उत्तम असणार. माझे डोळे त्या यंत्राला दिसत नाहीत. आता परतीचं तू उडव, मी नुसता बसतो. नागपूरला उतरलो की सरळ डॉक्टरकडे जातो. शब्द देतो तुला. कधी खोटा शब्द दिलाय?"

त्यांनी कधीच खोटा शब्द दिला नव्हता, म्हणून ते जास्त कठीण होतं. दीड वर्षावर निवृत्ती. या एका कागदाने ती आजच होणार होती. मोनालीच्या मनात एक सरळ हिशेब मांडला गेला: तास-दीड तासाचं उड्डाण, स्वच्छ हवा, ती स्वतः ठणठणीत. निभावून नेता आलं असतं. आणि 'निभावून' हा शब्द मनात आला तशी तिला चुलीजवळची आई दिसली, दोन वर्षं गाय, सायकल, मोटरसायकल बोलून दाखवणारी.

"सर, उड्डाण करताना मलाच भोवळ आली तर?"

नाडगौडांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"तर विमानात वैमानिक कोण?" ती म्हणाली. आवाज कापत होता. तिने तो तसाच कापू दिला. "मी तुमच्याबरोबर परतीचं विमान नेणार नाही. आणि मी जे पाहिलं ते लिहिणार आहे. तुमचे डोळे उघडे होते आणि तुम्ही तिथे नव्हतात. हे मी वरच सांगायला हवं होतं. चाळीस मिनिटं उशीर केला, तेही लिहिणार आहे."

"मोनाली, मी तुला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. एक क्षण तिला वाटलं, आता ते ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी टोपी मांडीवर घेतली आणि टोपीच्याच कडेवरून बोट फिरवत बसले. बाहेर इंधनाची गाडी येऊन लागली. कोणीतरी दारावर टकटक करून कॉफी हवी का विचारलं. मोनालीने नको म्हणून सांगितलं, टॅबलेट उघडला आणि लिहायला सुरुवात केली. तिने तीन ओळी लिहिल्या.

"चौथी ओळ लिही," नाडगौडा म्हणाले.

तिने वर पाहिलं.

"याआधी दोनदा झालंय. मार्चमध्ये इंदूरला जाताना, आणि गेल्या महिन्यात. मार्चमध्ये मला वाटलं डुलकी लागली. गेल्या महिन्यात वाटलं नाही."

मोनालीची बोटं थांबली. "शेजारी कोण होतं सर?"

"नावं नको लिहू. चौकशीत मला विचारतील तेव्हा मी सांगेन." त्यांनी टोपी फलकावर ठेवली. "दोघांनाही दिसलं होतं. एकाने विमान सरळ केलं आणि मला क्रिकेटचा स्कोअर सांगितला. मी स्कोअर ऐकला. मग आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. ते दोघंही जुन्या परवान्याचे, तासांवाले. चांगली पोरं आहेत. माझ्यावर जीव आहे त्यांचा."

तिने ओळ लिहिली. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या, 'आढळलं' या शब्दावरचा राहिलेला अनुस्वार द्यायला लावला, आणि खाली आपलं नाव घातलं. मग तिने कंपनीच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. दुसरे वैमानिक पाठवा, विमानतळाच्या डॉक्टरांना पाठवा, प्रवाशांना उशीर होईल असं सांगा. तिकडच्या माणसाने विचारलं, कारण काय लिहू? तिने कारण सांगितलं. सांगताना नाडगौडांकडे पाठ केली नाही.

पुढे चौकशी झाली. त्यांच्या मेंदूत एका ठिकाणी अपस्माराचा बारीक झटका येत होता, जो माणसाला पाडत नाही, फक्त अर्ध्या मिनिटासाठी घेऊन जातो. औषधांनी तो थांबला, परवाना मात्र परत मिळाला नाही. त्या दोन सहवैमानिकांना पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. वर्षभराने डाव्या खुर्चीवरही कॅमेरा आला आणि संघटनेने या वेळी हरकत घेतली नाही, कारण मागणी करणाऱ्या पत्रावर पहिली सही नाडगौडांची होती. काही वैमानिक आजही मोनालीबरोबर चहा घेत नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी भुवनेश्वरला डॉक्टर खाली जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. दाराबाहेर ऊन रणरणत होतं. नाडगौडा दारात थांबले, कठड्याला हात लावला आणि खाली बघितलं.

"मोनाली," ते म्हणाले, "इथे मधेच परत झालं तर?"

ती त्यांच्या बाजूने पुढे झाली, एक पायरी खाली उतरली आणि अर्धवट वळून उभी राहिली.

"खांद्यावर हात ठेवा सर."

त्यांनी ठेवला. पंचवीस पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर ते मोठ्याने "ठीक" म्हणत गेले, आणि ती पुढची पायरी उतरत गेली.